एकच वर्ग, तीन हजेऱ्या : नवी मुंबईतील एका कॉलेजमधील डिफॉल्टर लिस्टचे प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. आज त्याच्या कक्षेत मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे येतात. अभ्यासक्रम एक, गुणपत्रिका एक, हजेरीचा नियमही एक. शिकणाऱ्यांचे दिवस मात्र एकासारखे एक नसतात. हे प्रकरण त्याच फरकाचे आहे. ओळख पटू नये म्हणून कॉलेजचे आणि विद्यार्थ्यांचे नाव दिलेले नाही, काही बारीक तपशील बदलले आहेत.

कॉलेज ठाणे ते नवी मुंबई या ट्रान्स-हार्बर लोकलमार्गावर, कोपरखैरणे स्टेशनपासून पंधरा मिनिटे चालत. २००४ मध्ये ठाण्याहून हा मार्ग सुरू झाला आणि कसारा-कर्जतच्या बाजूची मुले कुर्ल्याचा वळसा न घेता नवी मुंबईत शिकायला येऊ लागली. वर्ग बी.कॉम. (अकाउंटिंग अँड फायनान्स) दुसऱ्या वर्षाचा, ६० जणांचा. इमारत एकच. सकाळी पदवीचे वर्ग, दुपारी सव्वाबारापासून ज्युनिअर कॉलेज. म्हणून पदवीचा पहिला तास ७.१० ला. एक तास ४८ मिनिटांचा, रोज पाच तास, सोमवार ते शनिवार. आठवड्याचे ३० तास होतात. साडेनऊनंतर २० मिनिटांची सुट्टी धरून साडेअकराला वर्ग सुटतो.

हजेरीचा नियम विद्यापीठाच्या अध्यादेश ६०८६ मधला. सरासरी हजेरी ७५ टक्के हवी आणि शिवाय प्रत्येक विषयात किमान ५० टक्के. हे दोन्ही आकडे वेगवेगळे तपासायचे असतात. हजेरी कमी पडली तर हजेरी समितीच्या शिफारशीवरून प्राचार्य २५ टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतात. बहुतेक विद्यार्थ्यांना ७५ तेवढे पाठ असते, ५० ची अट लिस्ट लागल्यावर कळते.

अडचण

तिसरे सत्र जूनच्या मध्यावर सुरू झाले. पाच आठवड्यांनी, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरीत कमी पडणाऱ्यांची यादी, लागली. त्यात १९ नावे होती. सूचनाफलकावर लागली, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली, आणि सगळ्यांच्या घरी एकच मजकूर गेला: पालकांनी सोमवारी सकाळी ११ वाजता कॉलेजात यावे.

या लिस्टमधल्या दोघी आणि लिस्टबाहेरचा एक जण, असे तिघे या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहेत.

पहिली शहापूर तालुक्यातल्या एका गावातून येणारी. पाच आठवड्यांत १५० तास झाले, त्यांपैकी ती १२० ला हजर होती. म्हणजे सरासरी ८० टक्के. तरीही नाव लिस्टमध्ये, कारण कॉस्ट अकाउंटिंगच्या २५ तासांपैकी ती फक्त ९ तासांना हजर होती. ३६ टक्के.

दुसरी कॉलेजपासून दहा मिनिटांवरच्या सेक्टरात राहणारी. १५० पैकी ८७ तास, ५८ टक्के. कॉस्टमध्ये मात्र २५ पैकी २३. सी.ए.च्या कोचिंग क्लाससाठी ती रोज तिसरा तास संपला की निघायची, त्यामुळे शेवटच्या दोन तासांचे विषय कोरडे. चाचणीत तिला २० पैकी १८.

तिसरा दिव्याला राहणारा, ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणारा. सरासरी ८६ टक्के, कॉस्टमध्ये २५ पैकी २१. त्याचे नाव कुठल्याच लिस्टमध्ये आले नाही. चाचणीत २० पैकी ६.

कार्यालयाच्या कागदावर पहिल्या दोघी एका रांगेत होत्या आणि तिसरा ‘नियमित’.

मस्टर उघडल्यावर

वर्गशिक्षिकेने पालकसभेच्या आधी एक साधे काम केले. टक्केवारीचा तक्ता बाजूला ठेवला, मूळ मस्टर घेतले आणि एका कागदावर आडवे सहा वार व उभे पाच तास अशी चौकट आखली. लिस्टमधल्या प्रत्येकाचा गैरहजर तास त्या चौकटीत भरला. एका नावाला सात-आठ मिनिटे लागतात. १९ नावांना दोन बैठका पुरल्या.

शहापूरकडच्या मुलीच्या चौकटीत पहिली ओळ जवळजवळ पूर्ण भरली आणि खालच्या चार ओळी बहुतेक रिकाम्या राहिल्या. एकूण ३० गैरहजेऱ्यांपैकी २३ पहिल्या तासाच्या. तो तास सोमवार ते गुरुवार कॉस्टचा होता. आठवड्यातला कॉस्टचा पाचवा तास शनिवारी तिसरा, तो तिने एकदाही चुकवला नव्हता.

येथे गणित नीट समजून घ्यायला हवे. रोज पाचपैकी पहिला एक तास हुकला तर सरासरी ८० टक्केच राहते, नियमात बसते. पण तो एक तास रोज त्याच विषयाचा असेल तर सगळे नुकसान एका विषयावर कोसळते. सरासरी पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

मुलीला विचारल्यावर ती म्हणाली, “मॅडम, मी रोज येते. दार बंद झालेलं असतं, मग जिन्यात बसते.” कॉलेजचा नियम असा की ७.२० ला वर्गाचे दार बंद, नंतर येणाऱ्याला तास संपेपर्यंत प्रवेश नाही. दुसऱ्या मजल्यावर वळणाच्या पायरीवर ती ७.५८ पर्यंत वही मांडीवर घेऊन बसायची, मैत्रिणीकडून आदल्या दिवशीची उदाहरणे उतरवत. शिपाईकाकांना हे माहीत होते, तिला दारातून आत घ्यायचा अधिकार त्यांना नव्हता.

तिने लिहून दिलेला सकाळचा हिशोब असा. पावणेपाचला घरातून निघायचे, वडील दुचाकीवरून आसनगावला सोडतात, कारण त्या वेळी शेअर रिक्षा मिळत नाही. सव्वापाच-वीसची लोकल. आसनगाव ते ठाणे सुमारे ५२ किलोमीटर, सव्वा तास. ठाण्यात पुलावरून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर, तिथून वीसेक मिनिटांत कोपरखैरणे, मग पंधरा मिनिटे चाल. सगळे वेळेवर झाले तर ७.१६-७.१७ ला वर्गात. दार ७.२० ला बंद. अडीच तासांच्या प्रवासात हाताशी तीन मिनिटे. कल्याणपुढे कसाऱ्याकडे दोनच रूळ वापरात, त्यांवरच मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या. मागून मेल आली की लोकल बाजूला थांबते, पाच-दहा मिनिटे सहज जातात. आधीची गाडी पकडायची तर घरातून चारच्याही आधी निघावे लागते, आणि वडिलांना सहाला स्वतःच्या कामावर पोहोचायचे असते.

समोर असलेले पर्याय

हजेरी समितीत चार शिक्षक आणि उपप्राचार्य. पुढे आलेले मार्ग सगळे कागदावर घेतले गेले, हे या प्रकरणातले पहिले चांगले पाऊल.

नियम तसाच लावायचा आणि सत्राच्या शेवटी टर्म नाकारायची, म्हणजे परीक्षेला बसू द्यायचे नाही. ज्यांचे कारण खरे आहे त्यांनाच यात सर्वात मोठा फटका बसला असता.

हमीपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन सूट द्यायची. अनेक ठिकाणी हेच चालते आणि समितीतल्या दोघांचा कल तिकडेच होता. आमच्या मते हा सर्वात वाईट मार्ग. ठणठणीत मुलीला ‘विषमज्वर’ लिहून आणायला लावायचे, ओळखीचा डॉक्टर शोधायला लावायचे, आणि लोकल उशिरा येते हे खरे कारण फाइलीतून कायमचे पुसून टाकायचे. पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहतो.

पूर्ण वेळापत्रक ४० मिनिटे पुढे ढकलायचे. ज्युनिअर कॉलेज सव्वाबाराला भरत असल्याने वर्ग रिकामे करणे जमणार नव्हते.

वसतिगृह किंवा खोली. प्रवर्गानुसार स्वाधार, स्वयं, आधार या शासकीय योजनांतून निवास-भोजनासाठी रक्कम मिळू शकते, म्हणून तो कागदही तिच्या हाती दिला. पण ती रक्कम सत्राच्या मध्ये हाती येत नाही, खोलीची अनामत मात्र आधी भरावी लागते. घरच्यांनी नकार दिला. समितीने आग्रह धरला नाही.

पहिल्या तासाचे विषय फिरते ठेवायचे. याला एक पैसा लागत नाही. तरीही सुरुवातीला ‘अशक्य’ म्हटले गेले, कारण विनाअनुदानित अभ्यासक्रमाला तासिका तत्त्वावर येणारे शिक्षक दुसऱ्या कॉलेजातले तास संपवून साडेआठनंतरच पोहोचतात. पहिला तास नेहमी पूर्णवेळ शिक्षकांच्या वाट्याला येई आणि कॉस्टचे सर त्यांतलेच. वेळापत्रक शिक्षकांच्या सोयीने बसवले होते, त्याचा भार एका विषयावर पडतो याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

दाराची वेळ वाढवायची. कॉस्टच्या सरांचा आक्षेप रास्त होता: “साडेसातपर्यंत दार उघडं ठेवलं तर सेक्टरातलेही साडेसातलाच येतील.”

निर्णयाचे टप्पे

दाराच्या प्रश्नावर वाद घालण्याऐवजी समितीने आकडे मागवले. दोन आठवडे, म्हणजे बारा दिवस, मुलीने गेटवरच्या रजिस्टरमध्ये येण्याची वेळ लिहिली आणि रखवालदाराने शेजारी सही केली. बारापैकी दोन दिवस ती ७.२० च्या आत, सात दिवस ७.२० ते ७.३५ च्या दरम्यान, तीन दिवस त्याहून उशिरा. म्हणजे पंधरा मिनिटांची सवलत दिली तर बारापैकी नऊ दिवस ती वर्गात बसू शकत होती. चर्चा तिथे मिटली.

सात आठवड्यांनंतर कॉस्टचे ३५ तास झाले होते आणि ती त्यांतल्या १३ तासांना हजर होती. सत्रात कॉस्टचे एकूण ७० तास अपेक्षित. ५० टक्क्यांसाठी ३५ हवेत, म्हणजे उरलेल्या ३५ पैकी २२. जुन्या वेळापत्रकात आठवड्याला दोनच्या आतबाहेर तास पदरात पडत होते, सात आठवड्यांत तेरा-चौदा. कितीही तळमळीची मुलगी असली तरी त्या वेळापत्रकात ती नियमात बसणे शक्यच नव्हते. हा हिशोब लिस्टसोबत जुलैतच मांडला असता तर दोन आठवडे वाचले असते.

काय केले

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून पहिल्या तासाला कॉस्ट आठवड्यात चारऐवजी दोनदा. काढलेले दोन तास दिवसाच्या तिसऱ्या तासाला नेले. त्यांच्या जागी करकायदा आणि व्यवसाय कायदा आले, हे दोन्ही शिक्षक पूर्णवेळ होते. व्यवसाय कायद्याच्या मॅडमना त्यासाठी डोंबिवलीहून अर्धा तास आधी निघावे लागले. त्यांनी ते मान्य केले, म्हणूनच हे जमले.

दाराची वेळ ७.३५, पण सरसकट नाही. ज्यांच्या रेल्वे पासवर कल्याणपलीकडचे स्टेशन आहे त्यांनी पासची प्रत कार्यालयात द्यायची. कन्सेशनचा फॉर्म कॉलेजच देत असल्याने पडताळणी सोपी होती. वर्गात असे पाच जण निघाले. उशिरा येणाऱ्याने मागच्या दाराने येऊन शेवटच्या बाकावर बसायचे, हजेरी तास संपल्यावर.

बुडालेल्या भागासाठी बुधवार-शनिवार साडेअकरानंतर एकेक तासाचा जादा वर्ग, सात आठवडे. येथे एक चूक झाली आणि ती इतरांनीही टाळावी अशी आहे. कार्यालयाने जादा तास हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीच्या लेक्चरसारखे नोंदवले. त्यामुळे एकूण तासांची संख्या सगळ्या वर्गाची वाढली आणि ज्यांना त्या वर्गाला बोलावलेच नव्हते ते ‘गैरहजर’ झाले. पुढच्या लिस्टमध्ये सहा नवी नावे आली, दोन पालक रागावून फोनवर. नोंदी काढून जादा वर्गाचे स्वतंत्र रजिस्टर केले तेव्हा प्रकरण शांत झाले. जादा वर्ग शिकण्यासाठी असतो, हजेरीचा खड्डा बुजवण्यासाठी तो वापरू नये.

सेक्टरातल्या मुलीशी वेगळे बोलणे झाले. तिला सूट नको होती, कोचिंगची बॅच बदलून हवी होती, आणि ते कॉलेजच्या हातात नव्हते. तिने आठवड्यातले तीन दिवस पूर्ण थांबायचे ठरवले, उरलेले तीन दिवस तिसऱ्या तासानंतर निघायची.

उशिरा दिसलेला विद्यार्थी

सप्टेंबरमध्ये वर्गशिक्षिकेने हजेरी आणि चाचणीचे गुण शेजारी-शेजारी लावले, तेव्हा रात्रपाळीचा मुलगा समोर आला. ८६ टक्के हजेरी आणि २० पैकी ६. सकाळी सहाला पाळी सुटायची. ऐरोलीहून तीन स्टेशने, पावणेसातला तो कॉलेजात, सर्वांच्या आधी. कॅन्टीनच्या बाकावर वीसेक मिनिटे डोके टेकायचा आणि पहिल्या तासाला तिसऱ्या बाकावर बसायचा. हजेरीला ‘येस सर’ म्हणायचा. कॉस्टच्या सरांनी त्याची वही पाहिली तेव्हा दर पानावर उदाहरणाच्या पहिल्या चार-पाच ओळी नीट होत्या आणि मग अक्षर तिरके होत रेघेखाली उतरत गेलेले.

त्यालाही जादा वर्गाला बसवले. हा निर्णय चुकला. रात्री साडेनऊपासून जागा असलेल्या मुलाला दुपारी साडेबारापर्यंत थांबवणे म्हणजे पंधरा तासांची जाग. तो तीन वेळा आला, नंतर थांबला, आणि रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे ‘रस नाही’ असा शेरा पडला. तो शेरा वर्गशिक्षिकेने खोडून घेतला. आसनगावच्या मुलीला लागू पडलेला उपाय त्याला लागू नव्हता, एवढेच त्या तीन दिवसांनी सांगितले होते.

त्याच्यासाठी दोन गोष्टी करता आल्या. सोडवलेल्या उदाहरणांच्या प्रती दिल्या आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एकट्याला तासभर वेळ दिला. शिवाय कॉलेजच्या लेटरहेडवर परीक्षेचे वेळापत्रक देऊन कंपनीकडे पत्र पाठवले, त्यावर परीक्षेच्या आदल्या रात्रींची पाळी बदलून मिळाली. कायमची दिवसपाळी मिळाली नाही. घरात कमावणारा तो एकटाच असल्याने नोकरी सोडण्याचा विषय कुणी काढला नाही.

निष्पत्ती

सत्राअखेर आसनगावच्या मुलीची कॉस्टमधली हजेरी ७० पैकी ४२, म्हणजे ६० टक्के. सरासरी ८२ च्या पुढे. सूट लागली नाही, कुठले प्रमाणपत्र लागले नाही. जुलैच्या चाचणीत २० पैकी ८ होते, सप्टेंबरच्या चाचणीत १३ झाले. सत्रपरीक्षेत कॉस्ट सुटला.

सेक्टरातली मुलगी ४२० पैकी २८८ तासांवर थांबली, ६८ टक्क्यांच्या थोडे पुढे. समितीत सर्वात लांबलेला वाद हाच. एकीचे म्हणणे, गुण उत्तम आहेत, सूट द्या. दुसऱ्याचे म्हणणे, मग कमी गुणांच्या मुलाला त्याच हजेरीवर काय सांगणार? शेवटी सूट दिली गेली, कारण म्हणून ‘सत्रात केलेली सुधारणा’ नोंदवले, आणि असहमत सदस्याचे मत इतिवृत्तात जसेच्या तसे घेतले. आमच्या मते असहमत सदस्याचा मुद्दा बरोबर होता. गुण हे हजेरीत सूट देण्याचे कारण असू नये. सूट कोणत्या कारणांना मिळेल हे जूनमध्ये लिहून ठेवले असते तर ही ओढाताण झाली नसती.

रात्रपाळीचा मुलगा इतर विषयांत पास झाला, कॉस्टमध्ये राहिला. एटीकेटी, म्हणजे पुढच्या सत्रात प्रवेश, पण राहिलेला विषय पुन्हा द्यायचा.

वेगळे काय करता आले असते

प्रवेशाच्या वेळी अर्जासोबत दोन ओळी विचारता येतात: घराजवळचे स्टेशन कोणते आणि सध्या काम करता का, असल्यास कोणत्या वेळात. वेळापत्रक बसवणाऱ्याच्या हाती हा कागद जूनमध्येच पडला तर पहिल्या तासाची मांडणी आधीच सुधारते.

लिस्ट पाच आठवड्यांनी नको, दोन आठवड्यांनी हवी, आणि तीत तासवार चौकट हवी. सॉफ्टवेअर विषयवार टक्केवारी देते, तासवार देत नाही. हाताने आखायला लागणारा वेळ वर दिलाच आहे. नावे ग्रुपवर टाकू नयेत. ज्याचे त्याला कळवावे.

पालकांना सोमवारी अकराला बोलावणे ही या प्रकरणातली सर्वात टाळता येण्यासारखी गोष्ट होती. मुलीचे वडील आले. दिवसाची मजुरी गेली, येण्या-जाण्यात पाच तास गेले आणि भेट झाली ती चार मिनिटांची. “मॅडम, पोरगी तर रोज पहाटे जाते. मग जाते कुठं?” असा प्रश्न त्यांनी विचारला, आणि तोवर चौकट आखून झालेली असल्यामुळेच त्याला उत्तर देता आले. फोनवर दहा मिनिटे बोलून हे सगळे झाले असते.

चौथ्या सत्राच्या वेळापत्रकात पहिल्या तासाला कुठलाही विषय आठवड्यात दोनदापेक्षा जास्त नाही. ७.३५ ची सवलत चालू आहे, पासची प्रत दर तीन महिन्यांनी नव्याने घेतली जाते. हजेरीच्या तक्त्यात चाचणीच्या गुणांचा रकाना वाढवला आहे. दिव्याचा मुलगा अजून रात्रपाळीतच आहे. एटीकेटीच्या तयारीसाठी त्याला रविवारी संध्याकाळी पाचची वेळ दिली आहे, झोप पूर्ण झाल्यानंतरची.